लाल धाग्याच्या चार बोटं खाली

खोली भाड्याने मागायला गेलं की लोक आधी आडनाव विचारतात. सरळ नाही विचारत. "मूळच्या कुठल्या?", "शहापूरच्या म्हणजे कोणत्या मोहल्ल्यातल्या?", "वडील काय करतात?" असं फिरून फिरून येतात. आडनाव एकदा कळलं की त्यांना एकदम आठवतं, खोली तर भाच्यासाठी ठेवली आहे. आंधळगावच्या उपकेंद्रावर सिस्टर म्हणून हजर झाले त्या आठवड्यात मी असे बरेच भाचे ऐकले होते. आमचं घर आजोबांच्या वेळेपासून विहारात जाणारं. ते मी लपवत नाही, आणि कोणी आडून विचारलं की माझं डोकं गरम होतं. त्या संध्याकाळी ते तापलेलंच होतं. त्याच डोक्यानं मी कोष्ट्यांच्या मोहल्ल्यातल्या शेवटच्या घरापुढे स्कूटी उभी केली.

ओट्यावर एक सुकडा माणूस बसला होता. बनियान, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, खांद्यावर गमछा. डोळ्यांवर आडवा हात धरून तो उठला, माझ्याकडे पाहिलंही नाही, स्कूटीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "लाईट खाली करा."

"खोली पाहाले आली मी," मी म्हटलं.

"खोली कोठी पळून जाते? आधी लाईट. समोरचा मानूस आंधळा करून राहिल्या तुमी."

आतून त्यांच्या बायकोनं, काकींनी, न विचारताच पेचकस आणून दिला, त्यावरूनच मी समजायला हवं होतं. त्या माणसानं दिव्याखालचा स्क्रू फिरवला, समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे पाहिलं, पुन्हा फिरवला, आणि पेचकस गमछ्याला पुसत विचारलं, "कधीपासून राहाले येता?"

नाव त्यांनी चार-पाच दिवसांनी विचारलं. तेही दारात कोणीतरी मला शोधत आलं होतं म्हणून. मी नाव-आडनाव दोन्ही जरा ठासूनच सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "स्कूटीच्या मागं कोनी बसते काय? बसत असन तर लाईट अजून खाली लागन."

ते माझे घरमालक. मी त्यांना काकाजी म्हणायची, ते मला सिस्टरबाई. गावाच्या नावावरून पाहुण्यांना जे जे विनोद सुचतात ते सगळे गावानं ऐकून झालेले आहेत, तेव्हा ते राहू द्या.

काकाजी विणकर. घरात माग, मागावर कोसा, म्हणजे रानातलं रेशीम. पण त्यांच्या दारात माग नाही दिसायचा, दिसायची ती जीप. जुनी डिझेल जीप, हूड फाटलेलं, चारही चाकांनी ओढणारी. कोसा आणायला त्यांना जंगलाकडच्या गावांत जावं लागे, जिथे ढिवर लोक ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसतात. तिथवर डांबर जात नाही. पांदण, धानाच्या बांध्यांमधली धुऱ्याची वाट, तलावाची पाळ, असं करत करत जावं लागतं. लाईटचं खूळ त्यांच्या डोक्यात तिथेच शिरलं असणार.

"डांबरावर लाईट चुकला तर समोरच्याले बाजूले व्हाले जागा असते," ते सांगायचे. "पाळीवर कोठी जाईन तो? एका बाजूले पानी, एका बाजूले धान."

आणि यानंतर ठरलेलं वाक्य यायचं, जे मी जेवताना, कपडे वाळत घालताना, एकदा तर अंगात ताप असताना ऐकलं आहे. "माहा धागा बोटभर सरकला तर लुगडं वाया जाते. तुमचा लाईट हातभर सरकला तर मानूस वाया जाते."

हे ते कोणालाही ऐकवत. सरपंचाला ऐकवलं, डॉक्टरला ऐकवलं. एका लग्नात नवरदेव सजवलेल्या जीपमधून मांडवाच्या दाराशी आला. नवरीकडच्या बाया ओवाळायला ताट घेऊन उभ्या, आणि हे जीपच्या पुढे उकिडवे. बँडवाल्यांनी दोन गाणी जास्तीची वाजवली. नवरदेवाला उतरता येईना, कारण यांनी सांगितलं होतं की जरा बसून राहा, वजन पाहिजे.

संध्याकाळी पानठेल्यावर जाताना ते चौकात थांबायचे. समोरून ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल काहीही आलं आणि लाईट डोळ्यांवर आला की ते उजवा हात पुढे करून पंजा जमिनीकडे दाबायचे. ओरडणं नाही, शिवी नाही. नुसता हात दाबायचा. गावात तो नमस्कारच होऊन बसला होता. पोरंटोरं शाळेत जाताना त्यांना पाहून पंजा दाबत आणि तेही उत्तरादाखल दाबत.

त्यांचं खरं काम मात्र दसऱ्याला असे.

आमच्याकडे दसऱ्याला गाड्या तलावावर नेऊन धुतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. ते सगळीकडेच होतं. आंधळगावात त्यानंतर दिवेलागणीला गाड्या काकाजींच्या घरामागे रांगेत लागत. लाईट तपासायला लांब आणि सपाट जागा लागते, आणि कोष्ट्याच्या घरामागे ती असतेच, कारण ताण्याचे धागे पसरून त्यांना खळ लावायला तेवढी जागा हवी असते. त्या जागेच्या एका टोकाला काकाजी त्यांचा पडदा बांधत. पांढऱ्या जाड सुताचा, स्वतः विणलेला. त्यात ताण्यातच लाल धागे भरलेले, आणि पडदा आडवा बांधला की ते धागे जमिनीशी समांतर धावत. एक धागा मोटारसायकलच्या दिव्याच्या उंचीचा, एक जीपच्या, एक ट्रॅक्टरच्या.

"भिंतीवर रेघ काहून नाही मारत?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"रेघ हातानं मारावं लागते. हात चुकते," ते म्हणाले. "ताणा दोन्ही टोकाले ओढून बांधला असते. तो चुकून चुकन कसा?"

नियम साधा होता. गाडी त्या टोकाला उभी करायची, लाईट लावायचा, आणि पडद्यावर उजेडाची वरची कड आपल्या धाग्याच्या चार बोटं खाली बसली पाहिजे. पण रिकामी गाडी त्यांना चालत नसे. मागे वजन पडलं की गाडी नाक वर करते आणि लाईट आभाळात जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक. "मंडईले काय रिकाम्या गाडीनं जाता तुमी?" ते विचारत. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटकं होतात, आणि आख्खी घरं ट्रॉलीत बसून या गावची त्या गावाला जातात. म्हणून दसऱ्याला मोहल्ल्यातल्या बायांना ट्रॉलीत चढवून बसवायचं. ते एकेकीला पाहून वजन सांगत, तेही धानाच्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत.

"सिस्टरबाई, तुमी बसा. तुमी दीड कट्ट्याच्या."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही, हे जास्त लागलं.

शेवटचा भाग पाटाचा. पडद्याच्या अलीकडे, जरा बाजूला, एक पाट ठेवलेला असे. गाडीच्या मालकानं उतरून त्या पाटावर बसायचं आणि आपल्याच गाडीचा लाईट आपल्या डोळ्यांनी पाहायचा. लाईट वर असला तर माणूस बसल्या जागी डोळे मिटायचा. मग काकाजी पेचकस मालकाच्याच हातात देत.

गावात एक सफारीवाला होता. तरणा, चुणचुणीत, पाहुण्यांना जंगलात फिरवायचा. त्यानं जीप उंच करून घेतली होती, भलीमोठी चाकं बसवली होती आणि टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या लाईटची पट्टी. दसऱ्याला ती पट्टी त्यानं लावली तेव्हा ट्रॉलीतल्या बायांनी पदर डोळ्यांवर घेतले.

"काकाजी, रस्ता नसते तिकडे. एवढा लाईट लागतेच," तो म्हणाला.

"बस पाटावर."

तो बसला, आणि लगेच तोंड फिरवलं.

"रस्ता नसते म्हनतो तिथं धूळ तर असते ना? धुळीवर हा लाईट पडते अन फिरून तुह्याच डोळ्यात येते. गाडी उंच केली, चाकं मोठी केली, मंग खालचा लाईटही तेवढाच वर चढला. तो खाली घ्याचं कोनी नाही सांगतलं तुले?"

सफारीवाल्याचं तोंड उतरलं. त्यानं पट्टीवर चांगली कमाई खर्च केली होती. तर काकाजींनी काकींना सांगून कोशाच्या उरलेल्या तुकड्यांची एक लांब खोळ शिवून घेतली, दोऱ्या लावून. रस्त्यावर ती पट्टीवर बांधायची, ओसाडीत सोडायची. पिवळट रेशमी खोळ टपावर बांधून फिरणारी जीप पाहून नागपूरचे पाहुणे फोटो काढायचे, आणि तो अभिमानानं सांगायचा की हा आंधळगावचा कोसा होय.

तर असं हे माणसाला छळणं आणि जपणं एकाच हातानं चालायचं. पावसात नाला भरला की माझ्याकडच्या अडलेल्या बायांना भंडाऱ्याला न्यायला ॲम्ब्युलन्स गावापर्यंत पोचत नसे, आणि काकाजींची जीप पोचत असे. कधीही हाक मारा, ते यायचे. फक्त निघताना "मागं किती जन बसले?" विचारून खाली उतरून दिव्याचा स्क्रू फिरवायचे. बाई कळा देत असे आणि मी दात खात असे. पण गाडी नीट पोचायची, हे कबूल करायलाच हवं.

गडबड माझ्या दुसऱ्या दसऱ्याला सुरू झाली. त्या वर्षी कोणाचाच लाईट त्यांना पसंत पडेना. धाग्याच्या चार बोटं खाली असलेला लाईटही त्यांना वर वाटे. "फाकून राहिला," ते म्हणत, "अजून खाली घे." करता करता त्यांनी सगळ्या गाड्यांचे लाईट पार खाली पाडून टाकले. ट्रॅक्टरवाले एकमेकांकडे पाहत, पण तोंडावर बोलेना कोणी. माझ्या स्कूटीचा लाईट तर त्यांनी असा केला की मला फक्त माझंच पुढचं चाक दिसे.

दुसऱ्या दिवशी मी सफारीवाल्याला म्हटलं, "अरे, अशा लाईटनं तू जंगलात जाशील कसा?"

तो हसला. "सिस्टर, तुमाले माहीत नाही? काकाजीकडून निघालं का गिरणीच्या कोपऱ्यावर थांबाचं. सगळे थांबतात. ज्याचा त्याचा लाईट वर करून घ्याचा अन घरी जाचं." त्यानं खिशातून पेचकस काढून दाखवला.

"मग त्यांना सांगत काहून नाही?"

"कोन सांगन? मायी बहीण अडली तवा त्याहीच्याच जीपमुळं वाचली. लाईट काय, दोन मिनिटाचं काम होय."

मला राग आला आणि बरंही वाटलं. मी मात्र स्कूटीचा लाईट वर करू शकले नाही. मी त्यांच्याच घरात राहायची, आणि ते रोज संध्याकाळी फाटकाशी माझा लाईट पाहायचे. गिरणीच्या कोपऱ्यावर वर करून, घराजवळ खाली करून, हे उद्योग माझ्यानं झाले नसते. वर्षभर मी तशीच चालवली. लोक मला म्हणत, सिस्टर स्कूटी चालवतात की ढकलतात.

खरं कारण तिसऱ्या वर्षी कळलं. दसरा होऊन गेला होता, पुन्हा तसाच, सगळे लाईट पाडून. काकाजी, काकी आणि मी कोसावाल्यांच्या गावाहून परत येत होतो. मला तिथे पोरांना डोस द्यायचे होते म्हणून मी सोबत गेले होते. दिवस बुडाला होता, उजेड अजून पूर्ण गेला नव्हता. तलावाच्या पाळीवर जीप चढली. जीपचा लाईटही त्यांनी इतका खाली केला होता की बंपरच्या पुढची माती तेवढी दिसत होती. आणि एकदम काकी ओरडल्या, "अजी, बंडी!"

ब्रेक लागला. तणसानं भरलेली बैलगाडी आमच्यापासून हातभरावर. बैलाचा श्वास काचेवर दिसत होता. काकाजी उतरून बंडीवाल्यावरच चढले. "एवढा मोठा लाईट कायले मारला अंगावर? मले काही दिसलं नाही."

बंडीवाला म्हातारा गोंधळून गेला. त्याच्या हातात लहानसा मोबाईल होता, आणि त्याची मिणमिणती बत्ती.

मी नर्स आहे. त्या क्षणी मला सगळं समजलं आणि इतके दिवस समजलं नाही म्हणून स्वतःचीच चीड आली. घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बॅटरी लावून डोळे पाहिले. दोन्ही बाहुल्यांत पांढरं साचलं होतं. उजव्यात जास्त.

"काकाजी, मोतीबिंदू आहे. म्हणून लाईट फाकतो तुमच्या डोळ्यात. लोकाईचे लाईट बरोबर आहेत."

"मोतीबिंदू म्हाताऱ्याले होते."

"मग तुमी कोण आहात?"

ते उठून आत गेले. काकी मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या, जिथे माग होता. मागावर पावसाळ्यात चढवलेलं लुगडं अजून तसंच, जेमतेम दोन हात विणलेलं.

"धागा तुटते अन त्याहीले दिसत नाही," काकी हळूच म्हणाल्या. "दुपारी झोपले का मी गाठी मारून ठेवतो. त्याहीले वाटते तुटलाच नाही."

म्हणजे इथेही तेच. बाहेर गाव लाईट वर करत होतं, आत काकी धागे जोडत होत्या.

मग पंधरवडाभर आमचं भांडण चाललं. मी रोज सांगायची, भंडाऱ्याला जाऊ, साधं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी. ते रोज नाही म्हणायचे. शेवटी एकदा चहा पिता पिता खरं बोलले. त्यांच्या वडिलांचा डोळा फार पूर्वी कुठल्याशा शिबिरात ऑपरेशननंतर गेला होता. "डोळा गेला तसा माग बंद पडला. मले शाळेतून काढलं अन मागावर बसवलं. माह्या मागं कोन बसन? पोरी आपापल्या घरी गेल्या. हे आहे तेवढं दिसते मले, तेवढ्यातच भागवतो." मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, बंडीपुढेही नाही.

"नाही केलं तर राहिलेलंही जाईल, काकाजी," मी म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि पानठेल्याला निघून गेले.

मला डॉक्टरी समजावून सांगता येत होती, पण त्यांना ती नको होती. मग मी त्यांचीच रीत वापरली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरामागे पडदा बांधला, पाट ठेवला आणि म्हटलं, "बसा. एक गाडी पाहायची आहे."

ते बसले. मी त्या टोकाला जाऊन लाईट लावला. त्यांनी लगेच डोळ्यांवर हात घेतला आणि पंजा जमिनीकडे दाबू लागले.

"कोनाचा ट्रॅक्टर होय? खाली घे म्हना त्याले."

"ट्रॅक्टर नाही. माझी स्कूटी आहे. लाईट तुमीच लावून दिला आहे."

"खोटं नोका बोलू."

"मी खोटं बोलीन. काकी खोटं बोलतील. तुमचा ताणा खोटं बोलेल काय? जाऊन पाहा, लाल धाग्याच्या किती खाली आहे."

ते उठले. पडद्यापर्यंत गेले, नाक कपड्याला लागेपर्यंत वाकले, बोटानं लाल धागा शोधला आणि तिथून बोट खाली सरकवत नेलं. चार बोटं गेली, वीतभर गेलं, पडदा संपला तरी त्यांच्या बोटाला उजेड लागला नाही. काकी दारात उभ्या होत्या.

"ताणा तर बरोबर आहे," ते म्हणाले. मग एकदम वळले. "म्हंजे सगळ्या गावाचे लाईट म्या पाडून ठेवले? ट्रॅक्टर, जीपा, सगळे? सिस्टरबाई, कापनी चालू आहे. मंडई येऊन राहिली. ट्रॉल्या भरून लोकं जातीन, अन पुढचं दिसनार नाही कोनाले."

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. गिरणीचा कोपरा, पेचकस, सगळं. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, इतकी बारीक की मलाच दिसावी. मी जीभ चावली.

"हो ना," मी म्हटलं. "आणि ते दुरुस्त तुमच्याशिवाय कोण करेल?"

"उद्या जाऊ भंडाऱ्याले," ते म्हणाले. स्वतःच्या डोळ्यांसाठी ते गेले नसते. गावाच्या लाईटसाठी गेले.

ऑपरेशनच्या दिवशी ते आत जाताना माझा हात धरून होते, सुटेना. बाहेर काकी आणि मी बाकावर. काकी पदराच्या टोकाला गाठी मारत होत्या आणि सोडत होत्या. मी रोज लोकांना सांगते की यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या बाकावर ते मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा त्यांनी आधी काकींकडे पाहिलं, मग काकींच्या लुगड्याकडे, आणि म्हणाले, "काठात एक धागा तुटला आहे." काकी तिथेच रडायला लागल्या.

आता माझी बदली पवनीकडे झाली आहे. त्यांचा दुसरा डोळाही झाला, तेही आता जुनं झालं. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, "नवीन गाडी घेतली म्हनते काकी तुमची, लाईट पाहिला काय?" माग चालू आहे. मला त्यांनी एक कोशाचं लुगडं पाठवलं, त्याच्या काठात एकच लाल धागा आहे. कोणी विचारलं तर मी सांगत बसत नाही.

पण पहिल्या ऑपरेशननंतरची एक संध्याकाळ सांगायची राहिलीच. आमच्या गावची मंडई दोन दिवसांवर होती. काकाजींनी सगळ्यांना निरोप धाडला, गाड्या घेऊन या, माझी चूक झाली आहे. गावात खळबळ उडाली. सफारीवाला माझ्याकडे धावत आला. "सिस्टर, आता काय करावं? खाली करून नेऊ काय लाईट?"

"आहे तसा ने," मी म्हटलं. "खूप झालं."

सगळे आले. धुतलेल्या गाड्या, ट्रॉलीत बाया, दसऱ्यासारखंच. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती म्हणून काकाजी पाटाऐवजी खुर्चीवर, काळा चष्मा लावून. पहिल्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी लाईट लावायच्या आधीच हात जोडले. "माफ कर बावा. पेचकस घे, वर घ्याचा आहे."

लाईट पडद्यावर पडला. लाल धाग्याच्या चार बोटं खाली.

दुसरा आला. चार बोटं खाली. तिसरा. मग मोटारसायकली. मग सफारीवाल्याची उंच जीप, टपावर कोशाची खोळ बांधलेली, आणि खालचा लाईट जिथल्या तिथे.

"इकडे ये," काकाजींनी सफारीवाल्याला बोलावलं. "खिशात काय आहे?"

त्यानं पेचकस काढला. काकाजींनी मान वळवून बाकीच्यांकडे पाहिलं. एकेक हात खिशाकडे गेला.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून," तो म्हणाला.

"कोनी बोललं काहून नाही मले?"

पहिला ट्रॅक्टरवाला जमिनीकडे पाहत म्हणाला, "तुमी एवढं पडदा बांधता, पाट मांडता. कायले वाईट वाटू द्याचं तुमाले?"

काकाजींनी चष्मा काढला आणि गमछा डोळ्यांकडे नेला. मी पुढे होऊन हात धरला. "डोळ्याला हात लावायचा नाही. रडायचं असेल तर महिन्यानं रडा." ट्रॉलीतल्या बाया हसल्या, मग काकाजीही हसले, आणि काकी आत चहा ठेवायला गेल्या, कारण त्यांना आत जाऊन रडायचं होतं.

गाड्या वळायला लागल्या. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "सिस्टरबाईची राहिली."

मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मी स्कूटी त्या टोकाला नेली आणि लाईट लावला. पडद्यावर काहीच पडलं नाही. उजेड पडद्याच्या खाली, मातीवर, माझ्याच चाकापुढे.

काकाजी बघत राहिले. पडद्याकडे, मातीकडे, मग माझ्याकडे.

"वर्षभर अशीच चालवली?"

"तुमीच लावून दिला होता."

"साऱ्या गावाले पेचकस भेटला, तुमाले नाही भेटला?"

"रोज फाटकावर कोण उभं राहत होतं?" मी म्हटलं.

ते खुर्चीवरून उठायला लागले. मी तिथूनच दटावलं, वाकायचं नाही. मग ते पुन्हा बसले आणि सफारीवाल्याच्या हातून पेचकस माझ्याकडे पाठवला. मी माझ्याच स्कूटीपुढे उकिडवी बसले, जसे ते पहिल्या दिवशी बसले होते, आणि स्क्रू फिरवू लागले. उजेड मातीवरून उठला, पडद्याच्या काठाला लागला, वर चढू लागला.

"वर घ्या," काकाजी म्हणाले. "अजून. अजून जरासा."

मी थांबले. "समोरच्याच्या डोळ्यात जाईल, काकाजी."

"नाही जात," ते म्हणाले. "वर घ्या, सिस्टरबाई. मले दिसून राहिलं आता."